जुन्या संगणकांचा नाद



वसंतातील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ च्या सुमारास पुण्यात घालून दिली. तेव्हापासून या व्यासपीठांवर इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर मोठमोठ्या वक्त्यांनी बोलावे असा संकेत आहे. अशा ठिकाणी भंगाराविषयी बोलावयास मी उभा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. आज सकाळी येथील कुंडावर स्नानास गेलो असता एका गृहस्थांनी मला गाठले. त्यांनी निमंत्रणपत्रिका वाचलेली होती. ते म्हणाले, "काय हो, जुना संगणक म्हणजे किलोला किती?" पाणी इतके कढत होते की मला उत्तर सुचले नाही. ते उत्तर आज शेवटी देईन, तोवर त्या गृहस्थांनी कृपा करून बसून राहावे.

प्रथम नादाविषयी दोन शब्द. मनुष्य वस्तू का जमवतो? सोने-नाणे जमवणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पण जुने दिवे, जुने अडकित्ते, जुनी कुलुपे जमवणाऱ्याला मात्र सर्वजण विचारतात. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरगुती वापराच्या वस्तू गोळा केल्या. त्यांत दिवे होते, अडकित्ते होते, दौती होत्या, वाद्ये होती, स्वयंपाकघरातील भांडी होती. बाळपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू लोक मोडीत घालीत होते त्याच आज आपण तिकीट काढून पाहतो. केळकरांनी त्या उचलल्या तेव्हा त्यांना किंमत नव्हती. ती कोणीतरी उचलल्यानंतर आली. संग्राहकाचे सगळे काम या एका गोष्टीत आले.

आता आपण म्हणाल, अडकित्ता शे-दोनशे वर्षांचा असतो, संगणक कालपरवाचा, त्याला कसले आले प्राचीनत्व? येथे भिवंडी तालुक्यात मला हे समजावून सांगणे सोपे आहे. आपला हा सारा मुलूख मागांचा. आपल्यापैकी काहींनी जॅकार लावलेला माग पाहिला असेल. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथे तो खालीच राहतो, आणि कापडावर नक्षी उठते. फ्रान्समधील जाकारने ही युक्ती १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. त्याच्या घरी जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते. ते विणावयास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीत हॉलेरिथने माणसांची मोजदाद भोके पाडलेल्या पत्त्यांवर केली, आणि त्याच धंद्यातून आयबीएम ही कंपनी वाढली. तात्पर्य, संगणकाच्या कुळाचा शोध घेत मागे गेले तर एक वाट विणकराच्या दारात येऊन थांबते. भिवंडीकराने संगणकाला परका मानण्याचे कारण नाही.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ही गोष्ट मुंबईत सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी १९५५ मध्ये एक लहान प्रायोगिक यंत्र हाती घेतले. ते जमल्यावर मोठे यंत्र बांधले. १९६० मध्ये ते कामाला लागले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक त्यात होते. स्मृती किती? चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. आपल्या खिशातील फोनने काढलेले साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असे. तारांच्या उभ्या-आडव्या विणीत एकेक कडी ओवलेली. पुन्हा ताणा आणि बाणाच! १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे विकत आणलेले मोठे यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. ज्यांनी ते बांधले, त्यांना त्याची प्रत्येक तार ठाऊक होती. आज ते यंत्र चालू करून दाखवा असे कोणी म्हटले, तर ते कोणालाही शक्य नाही.

त्याच साठीच्या दशकात आयबीएमची १४०१ यंत्रे आपल्या देशातील कचेऱ्यांत आली. त्यांतील पुष्कळशी परदेशात वापरून झालेली आणि येथे दुरुस्त करून दिलेली होती. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीच्या जॉबरांनी तेलपाणी करून पुन्हा पन्नास वर्षे चालवले, त्यातलाच हा प्रकार. १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडला, तेव्हा त्या यंत्रांची देखभाल आपल्याच माणसांनी केली. जुने यंत्र चालते ठेवणे ही आपल्याकडे हौस नव्हती, गरज होती. तिची विद्या आपल्या हातांत होती. गरज संपली तशी ती विद्याही चालली आहे, आणि माझ्या नादाचे खरे दुखणे हे आहे.

असो. आता मी माझ्या स्वतःच्या उद्योगाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी भिवंडीजवळच्या एका भंगाराच्या गोदामात मी पंख्याची मोटर शोधावयास गेलो होतो. तेथे पत्र्यांच्या ढिगाखाली मला एक ओळखीची पेटी दिसली. १९८३ मध्ये आयबीएमने जो 'एक्सटी' नावाचा संगणक काढला, त्याच्या धर्तीवर आपल्याकडे जे शेकडो जुळवले गेले, त्यांपैकी तो एक. सेकंदाला सत्तेचाळीस लाखांच्या वर ठोके देणारा प्रोसेसर, ६४० किलोबाइट स्मृती, वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना ही यंत्रे आठवत असतील. त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली असे, चपला बाहेर काढाव्या लागत, आणि साहेबांच्या परवानगीवाचून कोणी आत जात नसे. देवघराचे सोवळे सुटले, पण संगणकाचे सोवळे कित्येक वर्षे सुटले नव्हते! भंगारवाल्याने ती पेटी तराजूवर ठेवली, वजन केले आणि पैसे सांगितले. वर, फ्लॉपी डिस्कांचा एक पुठ्ठ्याचा डबा फुकट दिला.

घरी आणून कळफलक उलटा करून झटकला तर टेबलावर कुंकू सांडले. दरवर्षी दसऱ्याला त्या यंत्राची पूजा झालेली होती. मला त्या कुंकवाचे हसू आले नाही. पूजा करणाऱ्या माणसाने ते यंत्र प्रेमाने वापरले होते, एवढे मात्र कळले.

आता असे यंत्र जिवंत कसे करावयाचे? नवशिका करतो ती पहिली चूक म्हणजे वायर लावून बटण दाबणे. मीही माझ्या पहिल्या यंत्राला तेच केले होते, आणि खोलीभर धूर झाला होता. वीस-तीस वर्षे निजलेल्याला एकदम उठवू नये. प्रथम पेटी उघडावी, धूळ मऊ कुंचल्याने काढावी, आणि नुसते पाहावे. घड्याळ चालू राहावे म्हणून ८० च्या दशकाअखेरच्या पुष्कळ यंत्रांत पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डावर डाख लावून बसवलेली असते. ती फुटली की तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा खात सुटतो. ती आधी काढावी, क्षार पडला असेल तेथे थोडे व्हिनेगर लावावे, मग स्वच्छ धुऊन, अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. तुटलेल्या रेषेवर केसासारखी बारीक तार जोडावी. हे काम चष्मा, धीर आणि न थरथरणारा हात मागते. माझ्याजवळ आता पहिल्या दोनच गोष्टी उरल्या आहेत.

मग वीजपुरवठ्याची पेटी. तिच्यातील धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, वयाने खराब होतात. काही आतून सुकतात, काही फुगतात. कागदी असतात त्यांना चिरा पडतात. आमच्या कोकणपट्टीची दमट हवा त्या चिरांतून आत शिरते आणि वीज मिळताच ती फटाक्यासारखी उडतात. म्हणून माझी शिफारस आपल्या गल्लीतल्या वायरमनच्या जुन्या युक्तीची आहे: सिरीजचा दिवा. शंभर वॅटचा साधा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक; भगभगीत पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. यंत्र जळण्याऐवजी दिवा पेटतो. याहून स्वस्त विमा मला माहीत नाही. एक गोष्ट मात्र घरी कोणी करू नये: पडद्याच्या नळीला हात लावू नये. तिच्यात दहा हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि वायर काढल्यावरही तो बराच काळ टिकतो.

यापुढचे काम सोपे आहे. कार्डांची सोनेरी टोके शाळकरी खोडरबराने घासावीत. अर्धे आजार तेवढ्यानेच बरे होतात. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची पेटी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली की बरीच उजळते, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्यावर तारीख लिहावी. काय बदलले याची वही ठेवावी. नाही तर आपण दुरुस्त केलेले यंत्र मूळचे किती आणि आपले किती, हे पुढच्याला कळणार नाही.

मला त्या यंत्रासाठी चार महिने लागले. एका रात्री दिवा चमकून मंद झाला, पंखा फिरला, यंत्राने आपली स्मृती मोजली, एकदा 'टिप्' असा आवाज केला, आणि हिरव्या अक्षरात 'ए' आणि पुढे एक बाण उमटला. त्या बाणापुढे एक रेघ तुमच्या आज्ञेची वाट पाहत लुकलुकते. घरातील मंडळी झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "आता याच्यावर काय करणार?" प्रश्न रास्त होता. तेव्हा मला त्या डब्याची आठवण झाली.

डब्यात अकरा फ्लॉप्या होत्या. त्यांवर कोणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'पगारपत्रक', 'दहावी निकाल', 'वाचनालय यादी'. आणि दोन फ्लॉप्यांवर: 'आईच्या ओव्या १' आणि 'आईच्या ओव्या २'.

श्रोतेहो, पुढचे सांगावयास मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. हाती यंत्र चालू झाल्याच्या आनंदात मी हाताला लागली ती फ्लॉपी, क्रमांक दोनची, तशीच यंत्रात घातली. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातील एक लवचीक तबकडी. तिच्यावर लोहाच्या संयुगाचा पातळ लेप असतो आणि त्या लेपावर माहिती चुंबकाने लिहिलेली असते. तिला बुरशी लागलेली होती. ती मी पाहिली नाही. वाचणारे डोके त्या बुरशीवर घासले, कर्र असा आवाज आला, आणि मी बंद करेपर्यंत लेप वर्तुळाकार खरवडून निघाला होता. पारदर्शक पट्टी उरली. तिच्यावरच्या ओव्या कोणाच्या होत्या, कोणत्या गावच्या होत्या, हे आता कोणालाही कळणार नाही. भंगारवाल्याने जे केले नव्हते ते मी केले.

त्यानंतर महिनाभर मी पहिल्या फ्लॉपीला हात लावला नाही. वाचले, विचारले, टाकाऊ फ्लॉप्यांवर हात बसवला. मग पाकिटाची कड कापून तबकडी बाहेर काढली, अल्कोहोलने दोन्ही बाजू हलक्या हाताने धुतल्या, वाळवल्या, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घातल्या. चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. डोके दर वेळी पुसले. अशा फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूस चाळीस वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात नऊ खंड, प्रत्येक खंडात ५१२ बाइट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३,६८,६४० बाइट. त्यांतील शेवटची काही वर्तुळे सोडून बाकी सगळी वाचता आली.

पण वाचता आली म्हणजे दिसली असे नव्हे. पडद्यावर नुसत्या चित्रविचित्र खुणा होत्या. येथे आपल्या भाषेच्या इतिहासातले एक प्रकरण उपयोगी पडले. इंग्रजी यंत्रावर देवनागरी उमटवण्यासाठी कानपूरच्या आयआयटीत जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' नावाच्या कार्डाच्या रूपाने कचेऱ्यांत पोचवले. त्यासाठी भारतीय लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक दिलेले होते. १९९१ मध्ये तो क्रम राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याला 'इस्की' म्हणतात. आज आपल्या फोनवर जी युनिकोड देवनागरी चालते, तिचा अक्षरक्रमही त्याच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. ओव्या उतरवून घेणाऱ्या त्या गृहस्थांनी हीच सरळ वाट वापरली होती. त्यामुळे क्रमांकांचा तक्ता समोर ठेवून मला एका संध्याकाळी खुणांची अक्षरे करता आली. त्यांनी एखाद्या खासगी फाँटाची मनमानी जुळणी वापरली असती, तर तो फाँट सापडेपर्यंत मी अडून बसलो असतो. नव्वदच्या दशकातील मराठीतील कितीतरी मजकूर आज असाच अडून बसला आहे.

पगारपत्रकावर शाळेचे नाव होते. चौकशी केली. ते शिक्षक वारले होते. त्यांचे चिरंजीव भेटले. मी कागद त्यांच्या हाती दिले. ते पुष्कळ वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "आजीच्या ओव्यांची वही होती आमच्याकडे. २००५ च्या जुलैच्या पुरात गेली. बाबांनी या टाइप केल्या होत्या हे आम्हाला ठाऊकच नव्हते." मी त्यांना दुसऱ्या फ्लॉपीचेही सांगितले. न सांगता सुटलो असतो, पण सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "म्हणजे डबा आम्हीच भंगारात दिला होता की."

कोणी म्हणेल, अहो, आता आधुनिक यंत्रांवर जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल चालवता येते. मग हे जड डबे घरात कशाला? नक्कल उपयोगाची आहे. मी स्वतः वापरतो. पण नकलेच्या तोंडी घालावयास आधी फ्लॉपी वाचता आली पाहिजे, आणि फ्लॉपी वाचावयास लोखंडाचे खरे यंत्र लागते. शिवाय त्या यंत्राचा एक वेगळा आनंद आहे. आजच्या फोनच्या आत काय चालते हे एका माणसाला समग्र कळणे शक्य नाही. त्या जुन्या यंत्राचा नकाशा मात्र एका मोठ्या कागदावर मावतो, आणि पावसाळ्याच्या एका मोसमात तो समजतो. जे यंत्र आपल्याला संपूर्ण कळते, ते आपले होते. जॉबरला त्याच्या मागाविषयी जे वाटते, तेच.

इंग्लंडात हारवेल येथे १९५१ साली चालू झालेले अडीच टनांचे एक यंत्र होते. ते पुढे एका महाविद्यालयात गेले, मग संग्रहालयात, मग सुटे करून गोदामात पडले. एका छायाचित्रात त्याचे ओळखीचे नियंत्रणफलक कोणाला तरी दिसले. हौशी मंडळींनी त्याचे भाग जुळवले आणि २०१२ मध्ये ब्लेचली पार्क येथे ते पुन्हा चालू केले. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथील संग्रहालयात निवृत्त तंत्रज्ञांनी आयबीएम १४०१ चालते केले आहे. ही कामे वर्षानुवर्षे आठवड्याचे काही तास देणाऱ्या वृद्धांनी केली. निवृत्तिवेतन घेणारी, हातात कसब असलेली माणसे आपल्या ठाणे जिल्ह्यात काय कमी आहेत?

म्हणून माझे मागणे मोठे नाही. आपल्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत, पतपेढीच्या कपाटात असा एखादा डबा असेल. तो भंगारात देण्यापूर्वी त्यावरची नावे वाचा. बटण दाबू नका, फ्लॉपी घालून पाहू नका. माझी चूक एकाने केली तेवढी पुरे. जाणत्याला दाखवा. ज्यांनी ती यंत्रे चालवली ते आपल्या घरात असतील तर त्यांना बसवून विचारा आणि लिहून ठेवा. यंत्र काय, तांबे-पत्रा आहे. पण ते चालवण्याची रीत माणसाबरोबर जाते.

आता सकाळच्या त्या गृहस्थांचे उत्तर. महाराज, मी त्या यंत्राला आणि डब्याला मिळून पंख्याच्या मोटरीपेक्षा कमी पैसे दिले. भाव विचाराल तर तोच खरा आहे. भंगारवाल्याने मला फसवले नाही. पण त्याच्या तराजूवर एका पारड्यात लोखंड होते आणि दुसऱ्यात वजने; ओव्या ठेवावयास तिसरे पारडे त्याच्याजवळ नव्हते. ते आपल्याजवळ आहे की नाही, एवढे आपण घरी जाऊन पाहावे.